हेल्मेटच्या आत डोकं असतं

२०१९ साली आलेल्या, ‘स्टार वॉर्स’च्या विश्वातल्या ‘द मँडलोरियन’ या मालिकेच्या नायकाचं एक व्रत आहे. चारचौघांत शिरस्त्राण काढायचं नाही. जेवायचं तेसुद्धा एकट्याने. मी त्याच्यासारखं हेल्मेट बनवलं, ते घालून पुण्यातल्या एका कॉस्प्ले मेळाव्याला, म्हणजे आवडत्या पात्रांच्या वेशात जमायच्या मेळाव्याला गेले, आणि माझं व्रत अठराव्या मिनिटाला मोडलं. चष्म्यावर वाफ धरलेली, कानशिलं ठणकत होती, आणि समोर उभा असलेला लहान मुलगा न दिसल्यामुळे मी त्याच्या पायावर पाय दिला होता. त्याची आणि त्याच्या आईची माफी मागून मी एका खांबाआड गेले आणि दोन्ही हातांनी हेल्मेट उपसून काढलं. सोबत आलेली धाकटी बहीण एवढंच म्हणाली, “ताई, टेबलावर किती छान दिसत होतं गं!”

तिने नकळत माझ्या अकरा रविवारांचा निकाल सांगितला होता. ते हेल्मेट मी टेबलासाठीच बनवलं होतं. येता-जाता बघायचं, फोटो काढायचे, खूश व्हायचं. त्याच्या आत एक डोकं जाणार आहे, त्या डोक्याला केस, चष्मा, घाम आणि श्वास आहे, हे माझ्या गावीही नव्हतं.

मी पेशाने हिशेबनीस. कटर चालवायचा अनुभव म्हणजे शाळेत असताना सोसायटीच्या गणपतीसाठी कापलेलं थर्माकोलचं मखर. त्या मेळाव्यानंतर आणखी दोन हेल्मेटं झाली. पहिलं वाया गेलं, दुसरं कसंबसं चाललं, तिसरं मी आता चार तास आरामात घालते. या तिघांनी मिळून शिकवलेल्या दहा गोष्टी पुढे दिल्या आहेत.

१. आधी डोकं मोजा, केसांसकट

कपाळावरून टेप फिरवली तर माझ्या डोक्याचा घेर ५६ सेंटिमीटर. हेल्मेटचा घेर मी ६६ धरला. दहा सेंटिमीटर मोकळे म्हणजे चिक्कार, असा माझा समज. आता त्या दहाचा जमाखर्च बघा.

पेपाकुरा नावाचं एक जपानी सॉफ्टवेअर आहे. त्रिमितीतली वस्तू ते सपाट कागदाच्या तुकड्यांत उलगडून देतं. ते तुकडे छापताना प्रिंटरवर ‘फिट टू पेज’ची खूण तशीच राहिली होती. त्याने प्रत्येक तुकडा तीन टक्क्यांनी आखडला. ६६ चे झाले ६४. मग फोम आला, १० मिलिमीटर जाडीचा. नमुना बाहेरच्या मापाचा होता, त्यामुळे फोमची जाडी आतल्या बाजूने गेली. घेराचा हिशेब सरळ आहे, दोन गुणिले पाय गुणिले जाडी. म्हणजे सव्वासहा सेंटिमीटर आणखी गेले. उरले पावणेअठ्ठावन्न. त्यातून माझे ५६ वजा केले की घेरात शिल्लक पावणेदोन, म्हणजे चहूबाजूंनी जेमतेम तीन मिलिमीटर. त्या तीन मिलिमीटरमध्ये केसांचा अंबाडा, चष्म्याच्या काड्या आणि आतली गादी बसवायची होती. दिवसभर लोकांचे ताळेबंद जुळवणाऱ्या बाईने हा घोळ घालावा, याची लाज अजून गेलेली नाही.

दुसऱ्या वेळी मी सूड घेतल्यासारखा घेर ८२ केला. आरशात बघितलं तर मिरवणुकीत नाचणारा मोठ्या डोक्याचा बाहुला! आता माझा नियम ठरलेला आहे. ज्या दिवशी हेल्मेट घालायचं, त्या दिवशीसारखे केस बांधायचे, त्यावरून माप घ्यायचं, त्यात दहा-बारा सेंटिमीटर मिळवायचे, आणि येईल तो आकडा हेल्मेटच्या आतल्या घेराचा समजायचा. जाडीचा हिशेब त्यानंतर वेगळा. छापताना पहिल्या पानावर दहा सेंटिमीटरची एक रेघ छापून घ्यायची आणि तिच्यावर पट्टी ठेवून बघायची. ती रेघ नऊ पूर्णांक सात भरली, तर पुढचं पान छापायचं नाही.

२. शिंप्याची कच्ची शिलाई विसरू नका

चांगला शिंपी महागडं कापड एकदम शिवत नाही. आधी कच्ची शिलाई घालतो, अंगावर चढवून बघतो. हेल्मेटची कच्ची शिलाई म्हणजे पुठ्ठा. पार्सलच्या खोक्याचा, साडीच्या डब्याचा, कुठलाही. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातून कार्डशीट आणली तरी फोमच्या तुलनेत खर्च नगण्य.

तुकडे चिकटपट्टीने जोडून ते खोकं डोक्यावर घाला आणि घरभर फिरा. खाली वाका, चपलेचा पट्टा लावा, मान वर करून पंख्याकडे बघा. माझ्या तिसऱ्या हेल्मेटच्या पुठ्ठ्याने मला दहा मिनिटांत सांगितलं, की मान खाली घातली की हनुवटीची कड छातीवर टेकते आणि आख्खं हेल्मेट वर उचललं जातं. दोन सेंटिमीटर कापून टाकले. हेच फोमवर, रंग चढल्यानंतर कळलं असतं तर रडायची वेळ होती.

३. पातं जपू नका, फोम जपा

बोथट पात्याने फोम कापला जात नाही, कुरतडला जातो. कड उंदराने खाल्ल्यासारखी दिसते आणि तशा दोन कडा जोडल्या की मधली फट कशानेही बुजत नाही. पाच-सहा लांब काप झाले की पात्याचं टोक मोडून टाका. जिथे दोन भाग काटकोनात भेटतात, तिथे दोन्ही कडा ४५ अंशांत तिरक्या कापा. एका दमात, हात न थांबवता. घाबरत घाबरत तीनदा चालवलेलं पातं तीन वेगळ्या रेघा सोडतं.

घुमटासाठी फोम हीटगनने तापवून गोल आकारावर दाबायचा असतो. मी आईचं आमटीचं पातेलं पालथं घातलं. आकार झकास आला. पातेल्याला काहीही झालं नाही. आई मात्र आठवडाभर ते पुन्हा पुन्हा घासत होती आणि दर वेळी माझ्याकडे बघत होती.

४. गोंद चांभाराकडून शिका

पहिल्या हेल्मेटचे सांधे दर दोन दिवसांनी उकलायचे. मी गोंद बदलला, जास्त थापला, कपडे वाळत घालायचे चिमटे लावून रात्रभर ठेवलं. शेवटी वैतागून उकललेला तुकडा घेऊन आमच्या चौकातल्या चांभारकाकांकडे गेले. ईव्हीए फोम म्हणजे चपलेच्या सोलचंच भावंड. रोज हाच माल त्यांच्या हाताखालून जातो.

त्यांनी तुकडा हातात घेतला, बोटाने दाबला, वास घेतला. “गोंद बरोबर आहे, ताई. तुम्हीच घाईच्या,” असं म्हणून त्यांनी आधी माझा वाळलेला थर पॉलिश पेपरने घासून काढला. मग दोन्ही कडांना पातळसा नवा हात दिला आणि तुकडे बाजूला ठेवून शेजारच्या बुटाला शिलाई घालायला घेतली. मी उभीच. सात-आठ मिनिटांनी त्यांनी बोटाची मागची बाजू कडेला टेकवली. “हे बघा. बोट चिकटल्यासारखं वाटलं पाहिजे, पण बोटाला गोंद लागता कामा नये. मग जोडायचं. आणि एकदाच जोडायचं, पुन्हा उचलायचं नाही.” एका टोकापासून जुळवत गेले आणि वरून हातोडीने ठोकलं. तो सांधा आजही शाबूत आहे.

कॉन्टॅक्ट गोंदाचं सगळं शास्त्र त्या सात-आठ मिनिटांत आलं. त्यातला द्रव उडून गेल्यावर दोन वाळत आलेले थर एकमेकांना पकडतात. ओलं असताना दाबलं तर द्रव आतच कोंडतो आणि सांधा लिबलिबीत राहतो. हा उडणारा द्रव नाकातही जातो, डोकं धरतं. खिडकी उघडी ठेवा, वाफा अडवणारा मास्क लावा आणि देवघरातला दिवा विझल्याशिवाय डबा उघडू नका.

५. काय दिसतं, हे बाहेरून ठरवू नका

१९७७ च्या ‘स्टार वॉर्स’मध्ये पांढऱ्या चिलखतातले शिपाई एका खोलीत घुसतात आणि त्यांतल्या एकाचं डोकं दाराच्या वरच्या कडेवर सपशेल आदळतं. शॉट तसाच राहिला आणि जगभर गाजला. २००४ च्या डीव्हीडीत तर निर्मात्यांनी तिथे ‘ठक्‌’ असा आवाजही भरला. लोक हसतात. मी आता हसत नाही. त्या शिपायाला दार दिसत नव्हतं, एवढंच.

मँडलोरियनच्या हेल्मेटला इंग्रजी टी अक्षरासारखी खाच असते. त्या खाचेत मी गाडीच्या काचेला लावायची काळीकुट्ट फिल्म दोन पदरी बसवली होती. बाहेरून दृष्ट लागण्यासारखं, आतून अमावास्या. शिवाय खाच डोळ्यांच्या रेषेपेक्षा बोटभर वर आलेली, म्हणून खालचं काहीच दिसत नव्हतं. त्या मुलाचा पाय तिथेच सापडला.

पुढे कळलं, की काच फार काळी असायची गरजच नाही. बाहेर उजेड जास्त आणि आत अंधार असला की बाहेरच्याला आतलं दिसत नाही. दिवसा जाळीच्या पडद्याआड उभं राहिलेलं माणूस रस्त्यावरून दिसत नाही, तसंच. म्हणून हेल्मेटची आतली बाजू पूर्ण काळी, बिनचमकीची रंगवा आणि काच जरा हलकीच घ्या. वेल्डिंगवाले तोंडापुढे धरतात ती हिरवी ढाल बोहरी आळीत मिळाली. तिच्यातही छटांचे क्रमांक असतात. पाच नंबरची उन्हात ठीक, पण हॉलमध्ये चाचपडायला लावते. मी तीन नंबरची कापून बसवली.

६. श्वास जातो कुठे, याचा विचार करा

बंद हेल्मेटमध्ये सर्वांत आधी काच धुरकटते, मग चष्मा, मग माणूस. काचेला आतून भांडी घासायच्या साबणाचा अगदी पुसट हात फिरवून कोरड्या फडक्याने पुसलं की वाफेचे थेंब धरत नाहीत. पण हा उपाय तासाभराचा. खरा उपाय हवा खेळती ठेवण्याचा.

बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत ४० मिलिमीटरचा पाच व्होल्टचा पंखा मिळतो. मी एक आणून कानामागे लावला आणि पॉवर बँकेला जोडला. अर्ध्या मिनिटात बंद. पुन्हा सुरू केला, पुन्हा बंद. पंखा बदलून आणला, तीच कथा. दुकानदाराने हसत हसत उलगडा केला. एवढासा पंखा इतकी कमी वीज घेतो, की पॉवर बँकेला वाटतं मोबाइल भरला. मग ती शहाण्यासारखी स्वतःला बंद करून घेते. दोन पंखे जोडल्यावर माझी बँक चालू राहिली. तेही जमलं नाही तर तीन पेन्सिल सेलचा डबा कधीही रुसत नाही.

दुसरी चूक जागेची. कानाशेजारचा पंखा म्हणजे दिवसभर डोक्यात पिठाची गिरणी. आता दोन्ही पंखे गालांपाशी खाली आहेत. एक बाहेरची हवा आत घेतो, दुसरा आतली बाहेर फेकतो. घुमटाच्या मागच्या बाजूला चार भोकं आहेत. रंगाच्या काळ्या पट्ट्यात ती दिसतही नाहीत.

७. रंगाला पाऊस आणि थर्माकोल दोन्ही वर्ज्य

फोमला असंख्य बारीक छिद्रं असतात. ती बुजवल्याशिवाय रंग दिला तर फोम तो पिऊन टाकतो. आधी हीटगन सगळीकडून हलकी फिरवा. पृष्ठभाग किंचित चकाकला की छिद्रं मिटली. मग पांढऱ्या फेव्हिकॉलमध्ये थोडं पाणी घालून तीन-चार पातळ हात द्या. प्रत्येक हात पूर्ण वाळू द्या.

मी रंग द्यायला काढला आषाढात. स्प्रेचा काळा रंग वाळता वाळता त्याच्यावर दुधाच्या सायीसारखा पांढरट पापुद्रा आला. रंगातला द्रव झरझर उडतो, पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतला दमटपणा त्यावर बसतो. उपाय एकच, उघडीप मिळेपर्यंत थांबायचं.

त्याहून मोठी फजिती त्याच दिवशी झाली. हेल्मेट उंचावर राहावं म्हणून मी ते थर्माकोलच्या डोक्यावर चढवलं होतं, विगच्या दुकानात असतं तसल्या. स्प्रे खाचेतून आत गेला. थोड्या वेळाने बघते तर त्या डोक्याचं नाक विरघळून गेलेलं आणि गालाला खड्डे. मखरावर कधी चुकून स्प्रे मारलेल्या कुणालाही हे ठाऊक असतं. मलाही ठाऊक होतं, वीस वर्षांपूर्वी. आता मी पाण्याची बाटली वाळूने भरून तिच्यावर हेल्मेट ठेवते.

८. प्रत्येक ओरखड्याला कारण हवं

नवं कोरं रुपेरी हेल्मेट खोटं दिसतं. म्हणून नवशिके त्यावर सगळीकडे काळे-तपकिरी डाग मारत सुटतात. मीही मारले. हेल्मेट जुनं दिसेना, नुसतं मळकट दिसायला लागलं.

मग आजोबांची लोखंडी ट्रंक माळ्यावरून खाली काढली आणि नीट बघितली. तिचा हिरवा रंग उडाला होता तो कोपऱ्यांवर, कडीपाशी, आणि जिथे ती बैलगाडीत, एसटीत, लॉजच्या फरशीवर घासली गेली त्या खालच्या कडेला. झाकणाचा मधला भाग अजूनही जवळपास नवा होता. मळ साठला होता रिव्हिटांच्या भोवती आणि पट्ट्यांच्या खाचांत, जिथे फडकं पोचत नाही. झीज उंचवट्यावर आणि मळ खोबणीत, हे एवढंच ते गुपित.

तेव्हापासून मी ब्रश उचलण्याआधी स्वतःला विचारते, हे कशाने झालं? उजव्या गालावरचा ओरखडा दाराच्या चौकटीचा. खालची कड झिजलेली, कारण हेल्मेट रोज काढून जमिनीवर ठेवलं जातं. पातळ केलेला काळा-तपकिरी रंग खाचांत सोडायचा आणि वरचा लगेच पुसून घ्यायचा. जवळजवळ कोरड्या ब्रशने कडांवर रुपेरी फिरवायची. आणि हात आवरायचा.

९. रंगीत तालीम घरात करा, आणि माणूस सोबत न्या

नाटकवाले रंगीत तालमीशिवाय पडदा उघडत नाहीत. हेल्मेट घरात सलग दोन तास घाला. स्ट्रॉने पाणी पिता येतं का, आईने हाक मारलेली ऐकू येते का, एका हाताने चटकन काढता येतं का, हे तपासा. माझ्या हेल्मेटमधल्या गादीत कानशिलांपाशी बोटभर रुंद दोन खाचा आहेत. चष्म्याच्या काड्या त्यांतून सरकतात. ही युक्ती मला कुणी शिकवली नाही. तालमीत दीड तासाने कानशिलं पुन्हा दुखली, तेव्हा सुचली.

आणि एकटं जाऊ नका. मालिकेतला मँडलोरियनही एकटा नसतो. आवाज पेड्रो पास्कलचा, पण बऱ्याच प्रसंगांत चिलखताच्या आत असतात ब्रेंडन वेन आणि लतीफ क्राउडर. त्यांतला वेन हा हॉलिवूडचा जुना नट जॉन वेन याचा नातू. एक शिरस्त्राण वागवायला तिथे तीन माणसं लागतात. मला एक बहीण पुरते. ती पुढे चालते, पायरी आली की माझा हात दाबते, आणि लहान मूल जवळ आलं की आधी सांगते.

१०. पहिलं हेल्मेट टाकून देऊ नका

इंग्लंडमध्ये एक मजेशीर खटला झाला. ‘स्टार वॉर्स’मधल्या त्या पांढऱ्या शिपायांची हेल्मेटं तयार करणाऱ्या अँड्र्यू एन्सवर्थ यांनी पुढे त्यांच्या प्रती विकायला काढल्या आणि लुकासफिल्मने त्यांना कोर्टात खेचलं. प्रश्न असा, की हे हेल्मेट शिल्प आहे का? असेल तर स्वामित्वहक्काचं संरक्षण दीर्घकाळ. २०११ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की हे शिल्प नव्हे. चित्रपट घडवताना वापरायची ती एक उपयोगाची वस्तू आहे.

मला तो निकाल फार पटला. वरच्या नऊही गोष्टी मी त्या एका वाक्यात कोंबू शकते. फक्त माझ्या पहिल्या हेल्मेटला तो लागू होत नव्हता. त्याचा कुणालाच कसलाच उपयोग नव्हता, म्हणजे ते अस्सल शिल्प होतं.

तरी मी ते ठेवलं, आणि बरं झालं. पंख्याची जागा, भोकांचा आकार, ओरखड्यांचा सराव, सगळे प्रयोग त्याच्यावर झाले. वर्षभरात त्याची चाळण झाली. मागच्या दिवाळीत आवराआवर करताना मी ते भंगारात काढलं, तर आईने माझ्या हातातून घेतलं, उलटं केलं, भोकांतून उजेडाकडे बघितलं आणि ओट्याखाली नेऊन ठेवलं.

आता त्यात कांदे असतात. हवा छान खेळते, आई सांगते, एकही कुजत नाही. म्हणजे तेही आता शिल्प राहिलेलं नाही.